सी लझहर यांचे फोल्डर

सी लझहर, म्हणजे लझहरसाहेब, आमच्या स्फॅक्स शहरातल्या ऑफिसातले सगळ्यात जुने. डायलिसिस केंद्रांना लागणारा प्रोग्राम त्यांनी एकट्यानं उभा केला, पण त्यातले फोल्डर बघावेत तर डोकं फिरावं: ‘लझहर’, ‘लझहर नवं’, ‘लझहर खरं’, ‘हात लावू नका’. काही अडलं की त्यांनाच फोन. जेवताना, हम्माममध्ये अंघोळीला गेले असताना, कुठेही. आणि माणूस त्यातच खूश.

गुरुवारी दूर गाबेस शहरात त्यांच्या मुलीच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. आमची मॅनेजर नबीहा त्यांना म्हणाली, "तुमच्यावाचून इथलं काम चालणार असेल तरच जा." म्हणून आठवडाभर मी फोल्डर लावत बसले: रुग्ण, यंत्रं, वेळा. ते मागे उभे राहून कुरकुरायचे.

"माझं नाव पुसतेस, पोरी? उद्या मला कोण विचारणार?"

"मुलगी विचारेल," मी फटकन बोलले. मग वाईट वाटलं, पण बोलले ते बोलले.

गुरुवारी ते पहाटेच्या गाडीनं गेले. साडेदहाला एका केंद्रातून फोन. यादी उघडत नाही, कुणाला कोणतं यंत्र द्यायचं कळत नाही, अकरा माणसं ताटकळलीत.

नबीहा म्हणाली, "लाव त्यांना फोन."

"मुलगी ऑपरेशनला आत असेल हो."

"आणि केंद्रात कुणाचं काही बरंवाईट झालं तर? दहा मिनिटं देते."

घोळ माझाच होता, दुसऱ्या कुणाचा असणार. ‘वेळा’ उघडला. यादी काढणारी फाइल आत एकच, म्हणजे शोधाशोध तरी वाचली. वाचत गेले. वरून चौथी ओळ अजून ‘हात लावू नका’मध्येच रुग्णांची नावं शोधत होती, आणि तो फोल्डर मी आदल्या संध्याकाळी मोडून टाकलेला. पत्ता बदलायला घेतला. घाईत दोनदा चुकले. नबीहा घड्याळाकडे बघत फोन हातात घेऊन उभी. आठव्या मिनिटाला केंद्रातली बाई म्हणाली, "आली यादी."

दुपारी त्यांचाच फोन आला. "शुद्धीवर आली ती. बरी आहे." मग लगेच, "तिकडे काय? कुणी फोनच केला नाही."

"अडलं होतं. सापडलं."

"माझ्याशिवाय?"

"हो."

मला वाटलं, आता रागावणार.

"मग तेव्हा ऑफिसच्या एका फोनसाठी तिच्या लग्नातून मी अर्ध्यावर उठून यायला नको होतं गं," ते म्हणाले.