कोपर आधी उचलणारी

२०२२ साली मी एकाहत्तरचा होतो, आणि तोवर एका गोष्टीवर अडून बसलो होतो: बायकोच्या आवडत्या कादंबरीतली बाई पडद्यावर करावी तर पहिल्या नटीनेच. शिकलो मी चौथीपर्यंत, तेही धड नाही. पण मी जाळं शिवायचो आणि बायको समोर बसून ती कादंबरी वाचून दाखवायची. नवरा बाईला भर अंगणात मारतो तिथे माझी सुई थांबायची.

पहिली मी विरारला तंबूतल्या सिनेमात पाहिली. काळंपांढरं चित्र. पट्टा पाठीवर पडतो आणि ही मारणाऱ्याचेच पाय धरून रडते. अख्खा तंबू रडला. दुसरी रंगीत. ती केस सोडून किंचाळत अंगणभर लोळली, ओठातून रक्त, आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. बायको म्हणाली होती, "हिला मारतात का नाचवतात?"

तिसरी आली टीव्हीवर, मालिकेत. त्या दुपारी अर्नाळ्याच्या आमच्या घरात जावई जेवत होता. मुलगी शिमग्याला माहेरी आली ती फुलपाड्याला सासरी परत जायचं नाव काढत नव्हती, आणि का ते सांगतही नव्हती. तो न्यायला आला होता. संध्याकाळी पाठवतो, असा शब्द मी देऊन बसलो होतो.

टीव्हीवर अंगण आलं. नवऱ्याने नुसतं दार लोटलं, तर या तिसरीने कोपर तोंडापुढे धरलं. मग त्याने तिचं डोकं खांबावर आपटलं, पुन्हा आपटलं. ती हूं की चूं नाही.

"हिला काय येत नाय," मी म्हटलं. "त्याचा हात उठायच्या आधीच कोपर वर. हिला काय स्वप्न पडलं?"

"बरोबर बोललात मामा," जावई म्हणाला. "पहिलीच बेस्ट. मार खाऊन पण पाय धरले. आताच्यांना जमणार नाय ते."

मुलगी कालवण वाढत होती. "तसंच होतं, बाबा," ती म्हणाली. "दार वाजलं तरी कोपर वर जातं."

"बंद कर ते," म्हणत जावयाने रिमोटकडे हात लांब केला. मुलीचं कोपर वर गेलं. भांडं सुटलं, कालवण त्याच्या मांडीवर सांडलं, आणि माझ्या घरात, माझ्यासमोर, त्याने उष्ट्या हाताने तिच्या कानाखाली मारली.

ताटावरच्या माणसाला आमच्यात मारत नाहीत.

"ऊठ," मी म्हटलं. "हात धू."

"मामा, कालवण गरम होतं."

"आधी हात धू."

त्याने मोरीत हात धुतले. वळला तसा बसायचा पाट मी त्याच्या तोंडावर घातला. नाक फुटलं. गळा धरून डोकं भिंतीवर आपटलं, परत आपटलं. आणखी आपटलं असतं, पण मुलीने माझा दंड धरला. "बाबा, मरंल तो."

रक्त पुसत तो दारातून ओरडला, "आता ठेवा घरात. तिचं सामान पण मिळणार नाय."

"माझं शिलाई मशीन हाय तिथं," मुलगी म्हणाली. एवढंच. दिलेला शब्द मी मोडला, आणि मी शब्द मोडत नाही. पहिली रडायची झकास, ते आजही म्हणतो. पण मार खाल्लेली बाई तिसरीनेच केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो घेऊन मुलीबरोबर फुलपाड्याला गेलो. दाराला नवं कुलूप होतं. ते हातोडीने फोडलं आणि मशीन खांद्यावर घालून खाली आणलं.