देऊळ जाळणाऱ्याचं नाव

गेल्या दिवाळीपासून नानांच्या तोंडून माझं नाव आलेलं नाही. मी त्यांचा थोरला मुलगा. रोज सकाळी त्यांची दाढी करून देतो, चहात बिस्कीट बुडवून भरवतो, आणि रोज आपला येड्यासारखा विचारतो, "नाना, मी कोण?" ते हसतात, पाहुण्याकडं बघून हसावं तसं. डॉक्टर म्हणतात, मनाला लावून घेऊ नका. कसं नाही लावून घेणार हो? बाप आहे माझा.

एके काळी ह्याच माणसाला छावणी भागातल्या शाळेतल्या पोरांची नावं तोंडपाठ होती, बापाच्या नावासकट. इतिहास शिकवायचे. हजेरी घेताना कॅटलॉगकडं बघायचेसुद्धा नाहीत. मीही त्यांच्याच वर्गात, त्यामुळं मलाही "हजर, सर" म्हणावं लागायचं. "नाना" म्हटलं की वर्ग हसायचा.

नाव घ्यायचे नाहीत ते फक्त एकाचं. ग्रीकांचा धडा आला की आम्ही बाकं पुढं ओढायचो. समुद्राकाठच्या एका शहरात देवीचं भलंमोठं संगमरवरी देऊळ होतं, लांबलांबून लोक बघायला यायचे. एका रिकामटेकड्यानं ते पेटवून दिलं. का? तर आपलं नाव जगानं कायमचं लक्षात ठेवावं म्हणून! पकडल्यावर बेट्यानं स्वतःच तसं सांगितलं. गावानं त्याला मारलंच, वर ठरवलं की ह्याचं नाव कुणीही घ्यायचं नाही.

"मग आपल्याला कसं कळलं, सर?"

"कुण्या लिहिणाऱ्यानं माती खाल्ली."

"सर, सांगा ना, काय नाव होतं?"

"त्याला जे पायजे होतं, ते मी देऊ व्हय? नाय सांगणार, जा!"

पोरं माझ्या मागं लागायची, घरी विचार म्हणून. घरी आईच पोळी वाढता वाढता डिवचायची, "तुम्हाला तरी माहीत आहे का हो? का उगं रुबाब?" नाना म्हणायचे, "लई माहितीय," आणि अजून वरण मागायचे. मला तर खात्री होती, त्यांनाच माहीत नाही.

वर्षातून एकदा सहल अजिंठ्याला जायची. लेण्यांत भिंतींवर कुणी कुणी खिळ्यानं नावं कोरून ठेवलेली, बदाम काढलेले. नाना आधीच दम भरायचे, "वाचायचं नाय कुणी. वाचलं की त्याचं काम झालं." वाचू नका म्हटल्यावर डोळे हटकून तिकडंच जायचे. मग ते चित्राकडं बोट करायचे. "हे ज्यानं काढलं, त्यानं कुठं नाव लिहिलंय का? मग?" परतताना सिल्लोडला बस थांबवून सगळ्यांना गरम भजी चारायचे. अजूनही त्या रस्त्यानं जाताना भज्यांचा वास आला की जीव कासावीस होतो माझा.

माझ्या लेकीनं मागं ते नाव फोनवर शोधून काढलं. "बाबा, मिनिटभरात सापडलं. सांगू?"

"खबरदार!" मी असा ओरडलो की शेजारीण डोकावली. नाना जोवर सांगत नाहीत तोवर मला ते नको होतं.

परवा रविवारी नेहमीसारखी दाढी चालली होती. नानांच्या एका गालाला अजून फेस होता. मी नेहमीसारखंच विचारलं, "नाना, मी कोण?" ह्या वेळी ते हसले नाहीत. माझ्याकडं टक लावून बघितलं आणि खणखणीत आवाजात एक नाव घेतलं. परकं, लांबलचक, कधी न ऐकलेलं.

लेक स्वयंपाकघरातून धावत आली. "बाबा, हेच ते! देऊळ जाळणाऱ्याचं!"

म्हणजे माहीत होतं त्यांना. आयुष्यभर ओठांवर येऊ दिलं नाही. आणि आता आईचं नाव गेलं, माझं गेलं, शाळाभर पोरांची गेली, आणि राहिलं काय, तर हे! असा संताप आला त्या देऊळ जाळणाऱ्याचा! जिंकला लेकाचा. निदान इथं तरी मी ते नाव लिहिणार नाही.

वस्तरा बाजूला ठेवून मी उठायला लागलो. नानांनी मनगट धरलं. पुन्हा तेच नाव घेतलं, पण लाडानं, पोराला जवळ बोलवावं तसं. "कुठं होतास रे इतके दिवस?" म्हणाले, आणि वाट बघत राहिले, हजेरीला बघायचे तसे.

मी परत खाली बसलो.

"हजर, सर," मी म्हणालो.