निवडणुकीत पडलेला पाहुणा

नव्वदच्या दशकात मी इंदापूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. एकदा अमेरिकेतल्या एका राज्याचे माजी गव्हर्नर ठिबक सिंचन बघायला निमगाव केतकीला आले, तेव्हा दुभाषी म्हणून मला पाठवलं. मी त्यांची ओळख ‘माजी राज्यपाल’ अशी करून दिली. ते प्रचाराच्या आठवणी सांगू लागले, तसे लोक गोंधळले. राज्यपाल कुठं मतं मागतो? मग मी घाईनं सांगितलं, की तिकडचा गव्हर्नर आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, लोकांनी निवडलेला असतो.

पुढं बसलेल्या एका वयस्कर शेतकऱ्यांनी, तात्यांनी, विचारलं, “मग ह्ये माजी कसं झालं? पडलं का?”

पाहुण्याला असं कसं विचारायचं? पण सगळे माझ्याकडंच बघत होते, म्हणून विचारलं.

ते हसले. “पडलो. फार वाईट वाटलं. निकालानंतर सकाळी घरच्या गोठ्यात गेलो, तर गाईंना त्याचं काहीच नव्हतं. त्या धारेसाठी खोळंबल्या होत्या. कितीतरी वर्षांनी मला मोकळं वाटलं.”

मी ते मराठीत सांगितलं. तात्या उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि मला म्हणाले, “गाया किती हायत, इचारा की.”

नंतर दोघं गाईंबद्दलच बोलत राहिले आणि माझा जीव भांड्यात पडला.