उपाशी रविवारची साक्ष

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं आणि आमची सातारा-महाबळेश्वर सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालू लागली. मी तिचा ड्रायव्हर. घाटात ती इतक्या सावकाश चढायची की पुढच्या बाकावरचा उतारू खाली उतरून, करवंदं खाऊन, झऱ्यावर अंघोळ करून, धोतर वाळवून मागच्या बाकावर येऊन बसायचा. ह्याच मोटारीनं मी एका गोऱ्या सोल्जराचा बंद पडलेला ट्रक ओढत आमच्या गावात आणला. लोक म्हणतात, बैलांनी ओढला. बैल होते, नाही म्हणत नाही. पण ते नुसते सोबतीला.

सोल्जर अमेरिकन होता, आणि मॉर्मन पंथाचा. पुण्याहून ट्रकाचा पार्ट येईपर्यंत तो आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांकडे, म्हणजे सुभेदारांच्या सोप्यात उतरला. सुभेदार पलटणीतून पेन्शनीत आलेले, उसाचे धनी आणि एका मुलीचे बाप. त्या मुलीशी लग्न करायचं हे माझं ठरलं होतं. तिचंही ठरलं होतं. राहिले होते फक्त सुभेदार.

"पोरगी देईन, पर तुला न्हाई," ते म्हणायचे. "तुझ्या तोंडातनं आजवर एक खरं वाक्य निघालेलं न्हाई. उद्या म्हणशील, बायकू लाटण्यावर बसून उडून गेली. मग आमी कुठं हुडकायचं तिला?"

सोल्जरानं पहिल्याच सकाळी चहाचा कप हात जोडून परत केला. चहा नाही, कॉफी नाही, विडी नाही, दारू नाही. त्यांच्या धर्मात हे सगळं वर्ज्य.

"आन हा पलटणीत जगतूय कशावर?" सुभेदारांना घाम फुटला. मग घरोघरची बाया-माणसं त्याला दूध पाजू लागली. तिसऱ्या दिवशी गावातली रेडकं सोल्जराकडे रागानं बघायला लागली.

त्यातच आमचे पाळकसाहेब हर्नियाच्या ऑपरेशनला मिरजेला गेले आणि रविवारचा उपदेश सुभेदारांच्या गळ्यात आला. तोफेपुढे छाती काढून उभा राहिलेला हा गडी, उपदेशाचं नाव काढताच घोंगडी घेऊन आडवा झाला.

सोल्जर म्हणाला, त्यात काय? आमच्या गावच्या मंडळीत पगारी पाळक नसतोच. मंडळीतलेच लोक पाळीपाळीनं बोलतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे दोन वेळा उपाशी राहतात, ते वाचलेलं अन्न गरजवंताच्या घरी जातं. आणि उपासनेत ज्याला वाटेल तो, बाई असो की पुरुष, उभा राहून आपल्याला जे खरं ठाऊक आहे त्याची साक्ष देतो.

हे इंग्रजी मी शब्दाला शब्द लावून सांगितलं. फक्त एवढंच जास्तीचं घातलं की उपास करणाऱ्याचा ऊस दोन कांड्यांनी उंच होतो.

सुभेदार घोंगडी फेकून उठले. "ठरलं! ह्या ऐतवारी उपास. उपदेश न्हाई, साक्ष!" आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तूबी उभं ऱ्हायाचं. अख्ख्या मंडळीम्होरं बोलायचं आन त्यात एक अक्षर खोटं न्हाई. जमलं तर पोरगी तुझी. न्हाई जमलं तर ह्या गावात तुझी मोटार थांबवायची न्हाई."

रविवारी आमचं देऊळ, म्हणजे चर्च, भरलं. पहिल्यानं एक शेतकरी उठला आणि शेजाऱ्यानं बांध सरकवल्याची साक्ष देऊन बसला. एका म्हातारीनं सुनेच्या पाणचट आमटीची साक्ष दिली. लगेच सून उठली. तिची साक्ष म्हातारीपेक्षा लांब झाली. सोल्जर डोळे पुसत मला विचारत होता, काय म्हणतायत? मी म्हटलं, देवाची स्तुती चाललीय.

मग मी उठलो. सवयीनं जिभेवर आधी एक वाघ आला, तो गिळला. मागोमाग घाटातलं भूत आलं, तेही गिळलं. मग काही राहिलंच नाही. तेवढ्यात पोट असं गुरगुरलं की पुढच्या बाकावरच्या तान्ह्या पोरानं रडणं थांबवलं.

"मंडळी," मी म्हणालो, "मला लय भूक लागलीय. काल दुपारपासनं पोटात दाणा न्हाई. एवढंच मला खरं ठाऊक हाय."

"आमेन!" अख्खी मंडळी इतक्या कळकळीनं ओरडली की छपराची दोन कौलं निसटली.

पण सुभेदार उभे राहिले. "ही कसली साक्ष रं? भूक तर म्हशीलाबी लागती! ह्यात देवाचं नाव कुठं हाय? ह्ये धरायचं न्हाई."

मी मटकन बसलो. एवढं खरं बोलून पोरगीही गेली, मोटारीचा थांबाही गेला.

तेव्हा बायकांच्या बाजूनं सुभेदारांची पोरगी उठली. गावात दुधाच्या मापावरून भांडण झालं तर दोन्हीकडचे तिच्याकडे यायचे, कारण तिच्या तोंडून खोटं कुणी ऐकलंच नव्हतं. पदर सावरून, खाली बघत ती म्हणाली, "मलाबी साक्ष द्यायची हाय. ह्ये उपाशी न्हाईत. आज सकाळीच कडब्याच्या गंजीमागं मी ह्यांला दोन भाकरी आन पिठलं वाढलं. आन आजच न्हवं. रोजच वाढते."

मी तोंड उघडलं. मग शहाणपणानं मिटलं.

सुभेदारांनी अख्ख्या मंडळीकडे एकवार बघितलं आणि पडक्या आवाजात म्हणाले, "पाळकसाहेब मिरजंहून आले की पयलं काम ह्या दोघांचं लगीन."

बाहेर पडताना मी तिला गाठलं. "आगं, मी खरंच उपाशी हाय! एवढं खोटं का बोललीस?"

"एका घरात कुणीतरी बोलायला पायजे," ती म्हणाली. "तुमी आज सुट्टी घेतली, म्हणून मी उभी ऱ्हायले."

सांजेला उपास सुटला. सगळी मंडळी सुभेदारांच्या अंगणात पंगतीला बसली. होणाऱ्या सासूबाई भाकरीची दुरडी घेऊन वाढत आल्या, सोल्जराला चार वाढल्या, आणि माझ्या पानावरून सरळ पुढं गेल्या.

"आवं, मला?" मी ओरडलो.

"तुमचं झालंय की सकाळी," त्या म्हणाल्या.