सिनेमा आमचा, आठवण गंगूची

आज दुपारी सुनी माझ्याकडं वालूरला आली होती. आमी पहिलीपासूनच्या मैत्रिणी. दोन पोरी संगं लहानाच्या मोठ्या होतात, तो जुना सिनेमा मोबाईलवर बघत बसलो.

शेवटी सुनी रडायला लागली. मला लय बरं वाटलं. म्हटलं, "आपले दिवस आठवले ना?"

"न्हाई गं, मला गंगू आठवायली. ऊसतोडीला गेलो की एकाच कोपीत, एवढ्याशा झोपडीत झोपायचो आमी."

सुनी दरवर्षी आईबापासंगं ऊसतोडीला जायची. इकडं मी सहा-सहा महिने वर्गात दप्तर ठेवून तिची जागा धरायचे. कुणाला बसू दिलं न्हाई.

मग मी चहा केला. तिच्या कपात साखर टाकलीच न्हाई.

खरं सांगा, तुमी टाकली असती का?