भिंतीतला तूस

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी, पोलादपूरच्या आमच्या घरात, बासष्ट हजार रुपयांना काम ठरले. हजर होतो मी, माझी बायको आणि तिचा वरंधचा मावसभाऊ. तो मिस्त्री. पन्नास हजार त्याच्या हातात मोजून दिले, उरलेले बारा हजार काम संपल्यावर द्यायचे होते.

मला गाणी ऐकायला एक खोली हवी होती. पलीकडच्या खोलीत आई अंथरुणाला खिळलेली. तबल्याची थाप भिंतीतून गेली की ती दचकून जागी होई, म्हणून दोन वर्षे रेकॉर्ड प्लेयर कपाटातच होता. आईच्या भिंतीला लागून लाकडी चौकट ठोकायची, तिच्यात आवाज आणि उष्णता दोन्ही अडवणाऱ्या रॉकवूलच्या, म्हणजे दगडी लोकरीच्या, लाद्या भरायच्या आणि वरून जिप्समचे दोन थर लावायचे, असे ठरले. दोन इंच जाडीच्या तीस लाद्या आल्या. मी स्वतः मोजल्या. भरल्या त्या दिवशी मात्र मी महाडला कामावर होतो.

पावसाळ्यात आमच्या भिंतींना ओल येते. जुलैत आई खोकू लागली आणि म्हणाली, मोरीचा वास येतो. मोरी दोनदा साफ करून घेतली. वास वाढला. मग एक दिवस त्या नव्या भिंतीतल्या स्विचबोर्डाच्या फटीतून पांढऱ्या अळ्या खाली पडल्या. मी बोर्ड उघडला, तर हातावर काळा, चिकट, आंबलेला भाताचा तूस आला. त्यात उंदराची पिल्ले. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

मिस्त्रीला बोलावले. त्याला काही वाटले नाही.

"भावोजी, बरफ तुसात टिकतो ना? मग आवाज काय बरफापेक्षा भारी हाय?"

लाद्या कुठे, असे विचारले तर पायाकडे बघत म्हणाला, उन्हाळ्यात शेळ्या धापा टाकत होत्या.

बायको आणि मी वरंधला त्याच्या घरी गेलो. गोठ्याच्या पत्र्याखाली तीसच्या तीस लाद्या तारेने नीट आवळलेल्या होत्या. इतके नीट काम त्याने माझ्या घरात कधी केले नाही. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत आवाज जवळजवळ नव्हता. शेळ्या रवंथ करत बसल्या होत्या.

"दादा, आता या शेळ्यांनाच गाणी लाव," बायको म्हणाली. तो हसला. मला ते हसणे अजून किळसवाणे वाटते.

लेंड्यांच्या आणि मुताच्या वासाने भरलेल्या लाद्या मी परत आणल्या नाहीत. चौकट उपटली. आई म्हणाली, "तुझं गाणं ऐकू आलं तर येऊ दे. पण हा वास नको रे." तिचा खोकला मात्र पुढे दीड महिना टिकला, आणि तिच्याकडे बघताना माझी मलाच शिसारी येई. लाद्या मोजल्या होत्या. भिंतीत शिरताना पाहिल्या नव्हत्या.

मिस्त्रीचे बारा हजार मी दिले नाहीत. कुजलेला तूस घमेल्यांनी उपसणाऱ्या दोन बायांना प्रत्येकी दिवसाचे पाचशे, असे दोन दिवसांचे मिळून दोन हजार दिले.