उपटसुंभ

केस पिकले तरी धाकट्या सुनेला नणंद 'उपटसुंभ'च म्हणायची. कुठून तरी आली आणि घरभर पसरली, म्हणे! नणंदेच्या जिभेला हाड नव्हतं आणि सुनेला ऐकून घ्यायची हौस नव्हती.

त्या दिवशी सासूबाईंना पुन्हा दम लागला. सून बघते तो काय, उशाशी फुलदाणीत गाजरगवताचे पांढरे तुरे!

"वन्सं, हे विष कुणी आणलं?"

"मी. आईला फुलं आवडतात. कुंपणापाशी फुकट फुललंय. गाजराचंच गवत ना? गाजर काय चावतं?"

"नावच तेवढं गाजराचं. याच्या परागांनीच दमा उठतो."

"तू कोण सांगणारी?"

सुनेनं तोंड नाही, हात चालवले. पराग उडू नयेत म्हणून फुलदाणीवर अलगद पिशवी चढवून गाठ मारली. मग हातमोजे घातले, नाकाला फडकं बांधलं, कुंपणापाशी पाणी ओतून माती मऊ केली आणि सगळं गवत मुळासकट उपटलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंची छाती मोकळी झाली. त्यांनी चहा मागितला, तोही सुनेकडे. नणंदेला ते मिरचीसारखं झोंबलं.

"उपटसुंभ ती उपटसुंभच!"

"हो वन्सं," सून हातमोजे धुता धुता म्हणाली, "अजून थोडं उपटायचं राहिलंय."